बँकेतली तुमची माहिती, तिचे नियम आणि त्यांवर लोकप्रतिनिधींची नजर: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जण नाशिकरोडला शनिवारी सकाळी लोकांची बँकेची कागदपत्रं वाचून देतो. सिडको, पंचवटी, सातपूर, निफाड, सिन्नर, मालेगाव अशा सगळीकडून माणसं येतात. कागद समजला की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण हे ठरवलं कुणी? आणि त्याला विचारणारं कुणी आहे का?" त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकाच गोष्टीचं दळण दोनदा दळावं लागणार नाही.

१. बँकेचे नियम संसद करते की रिझर्व्ह बँक?

दोघेही करतात, पण कामाची वाटणी वेगळी आहे. संसद कायदा करते. रिझर्व्ह बँकेचा १९३४ चा कायदा, १९४९ चा बँकिंग विनियमन कायदा आणि कर्जमाहिती कंपन्यांचा (म्हणजे आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो त्या कंपन्यांचा) २००५ चा कायदा हे त्यातले मुख्य. कायद्यात घराचा सांगाडा असतो. भिंती, दारं-खिडक्या रिझर्व्ह बँक बसवते आणि तुमचा-आमचा रोजचा संबंध या दारं-खिडक्यांशीच येतो.

एक उदाहरण घ्या. स्वतःचा सिबिल रिपोर्ट मागण्याचा हक्क तुम्हाला २००५ च्या कायद्याने, म्हणजे संसदेने दिला. पण प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, ही सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून मिळाली. त्यावर संसदेत मतदान झालेलं नाही.

२. मग रिझर्व्ह बँकेने केलेल्या नियमांवर संसदेचं लक्ष असतं कुठे?

कायद्यातच त्याची तरतूद असते. कायद्याने दिलेल्या अधिकारातून केलेले नियम किंवा विनियम लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे, म्हणजे खासदारांपुढे रीतसर मांडावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात कलम ५८ मध्ये हे लिहिलेलं आहे. एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून तीस दिवस ते पटलावर राहतात. दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर नियम बदलता येतो, रद्दही करता येतो. मात्र तोपर्यंत त्या नियमाखाली जे घडून गेलं ते बाद होत नाही.

शिवाय संसदेचे दोन डोळे कायम उघडे असतात. पहिला म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर कुणी नियम केलाय का हे तपासणारी समिती. लोकसभेत ती १९५३ पासून आहे, पंधरा सदस्यांची, आणि मंत्र्याला तिच्यात बसता येत नाही. राज्यसभेची अशीच समिती वेगळी आहे. दुसरा डोळा अर्थविषयक स्थायी समिती. तिच्यात ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ही समिती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरलाही समोर बोलावू शकते. नोटबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये ऊर्जित पटेल या समितीपुढे हजर झाले होते. नाशिकरोडच्या नोट छापखान्यात त्या दिवसांत किती धावपळ होती हे आमच्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे ती हजेरी आम्हाला लांबच्या दिल्लीतली बातमी वाटली नव्हती.

३. म्हणजे रिझर्व्ह बँकेचं प्रत्येक परिपत्रक संसदेत जातं?

नाही. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

'विनियम' पटलावर जातात. पण ग्राहकाला जे रोज भिडतं ते बहुतेक सगळं 'निर्देश' आणि 'परिपत्रक' या रूपात येतं. १९४९ च्या कायद्याचं कलम ३५अ रिझर्व्ह बँकेला बँकांना निर्देश देण्याचा अधिकार देतं आणि त्या कलमात निर्देश पटलावर ठेवण्याची अट नाही. केवायसी किती वर्षांनी करायचं, कर्जाचा खर्च कोणत्या तक्त्यात दाखवायचा, तुमचा हप्ता चुकल्याची नोंद किती दिवसांनी सिबिलकडे जायची, हे सगळं निर्देशांतून ठरतं. ते आपोआप खासदारांच्या टेबलावर येत नाही. कुणीतरी विचारलं तरच येतं.

यात वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. फसवणुकीचा नवा प्रकार निघाला की आठवड्यात निर्देश काढावा लागतो, अधिवेशनाची वाट बघता येत नाही. पण पटलावर जाण्याचा रस्ता नाही म्हटल्यावर प्रश्न विचारणं ही एकच खिडकी उरते, आणि ती आपण वापरत नाही याची मला खंत आहे.

एक चांगला बदल झालाय. मे २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने स्वतःवर बंधन घालून घेतलं आहे की नवा नियम करताना मसुदा आधी प्रसिद्ध करायचा आणि लोकांना मत मांडायला किमान २१ दिवस द्यायचे. तो मसुदा संकेतस्थळावर असतो, कुणालाही लिहिता येतं.

४. एका खासदाराने प्रश्न विचारून खरंच काही होतं का?

होतं. हे उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो.

पिंपळगाव बसवंतचा एक तरुण आमच्याकडे आला होता. द्राक्षाच्या हंगामात पिकअप चालवायचा, आता स्वतःची घ्यायची होती. त्याच्या अर्जावर शाखेतल्या कुणीतरी पेन्सिलने 'सिबिल -१' लिहून अर्ज परत दिला होता. घरच्यांना वाटलं पोराने कुठेतरी कर्ज बुडवलं. आईचा चेहरा उतरलेला. खरं तर उणे एक याचा अर्थ एवढाच की या माणसाने आजवर कर्जच घेतलेलं नाही, त्यामुळे मोजायला काही नाही.

६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये. पण शाखेत ते कुणाला माहीत? मग २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात यावर लोकसभेत प्रश्न आला आणि अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लेखी उत्तर दिलं: पहिल्या कर्जासाठी किमान स्कोअरची अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. ते उत्तर मराठी वर्तमानपत्रांतही छापून आलं. नियम सात महिने जुना होता, लोकांपर्यंत पोचला तो त्या उत्तरामुळे. आम्ही त्या उत्तराची प्रत काढून मुलाच्या नव्या अर्जाला जोडली.

मर्यादा लक्षात घ्या. इतिहास नाही एवढ्यावरून नाकारायचं नाही, याचा अर्थ कर्ज द्यायलाच हवं असा होत नाही. उत्पन्न आणि परतफेडीची ताकद बँक तपासणारच.

५. माझा खासदार नेमका कोण? मालेगावच्या माणसाने नाशिकच्या खासदाराला लिहायचं का?

नाही, इथे खूप जण चुकतात. जिल्हा एक, पण लोकसभेचे मतदारसंघ तीन. नाशिक शहराचे तिन्ही भाग, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी हे नाशिक मतदारसंघात येतात. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण आणि दिंडोरी हे दिंडोरी मतदारसंघात. मालेगावचे दोन्ही विधानसभा मतदारसंघ आणि बागलाण मात्र धुळे लोकसभा मतदारसंघात मोडतात. राज्यसभेवर गेलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही खासदाराला कुणीही लिहू शकतं.

६. प्रश्न कसा लिहून द्यायचा? पत्र पाठवलं, पुढे काहीच झालं नाही.

आमच्याकडे आलेली पत्रं वाचली की कारण कळतं. बहुतेक पत्रांत राग असतो, प्रश्न नसतो. "बँका सिबिलच्या नावाखाली गरिबाला नाडतात, सरकार झोपलंय का?" असं वाक्य खासदाराला जसंच्या तसं पुढे देता येत नाही. लोकसभेतला प्रश्न साधारण दीडशे शब्दांत बसावा लागतो, नेमकी माहिती मागणारा असावा लागतो आणि एका माणसाच्या खासगी प्रकरणाबद्दल नसावा लागतो.

तेच दुखणं असं मांडा: पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्यांचे अर्ज केवळ कर्ज-इतिहास नसल्याच्या कारणावरून नाकारल्याच्या किती तक्रारी गेल्या दोन वर्षांत महाराष्ट्रातून आल्या, त्यांवर बँकानिहाय काय कारवाई झाली, आणि अर्ज नाकारताना ग्राहकाच्या भाषेत लेखी कारण देणं बंधनकारक करण्याचा विचार आहे का. तीन तुकडे, प्रत्येकाला उत्तर देणं भाग.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न येतात. मंत्री त्यांची तोंडी उत्तरं देतात आणि खासदाराला पुरवणी प्रश्न विचारता येतो. २३० अतारांकित येतात, त्यांची उत्तरं लेखी मिळतात. आपल्या कामाला अतारांकितच बरा, कारण आकडे कागदावर येतात. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र देऊन उपयोग नाही. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनाच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या.

एक बारकावा: नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जुनी नऊ हजारांहून अधिक परिपत्रकं एकत्र करून २४४ निर्देशांत बसवली. जुन्या परिपत्रकाचा क्रमांक देऊन विचारलं तर 'ते रद्द झाले आहे' एवढंच उत्तर येऊ शकतं, जरी आतला नियम तसाच चालू असला तरी. सध्याच्या निर्देशाचं नाव शोधून तेच द्या.

७. माझ्या खात्यातून चुकीने पैसे कापले गेले. खासदाराला लिहू का?

आधी नाही. तुमची तक्रार एका वाटेने जाते आणि नियमाबद्दलचा प्रश्न दुसऱ्या. तक्रार पहिल्यांदा बँकेकडे लेखी द्या, नोंद क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. २०२१ पासून देशभरासाठी एकच योजना आहे. तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने चंदीगडच्या केंद्राकडे जाते, पैसे लागत नाहीत आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकिलामार्फत तक्रार चालत नाही. तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात आधीच नेलं असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम नीट ठरवा. ग्राहक आयोगाचा रस्ता नाशिकमध्येच आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल करता येते, बँकेचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी.

ऑनलाइन फसवणूक असेल तर हे सगळं नंतर. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन आणि बँकेला कळवणं, त्याच तासात.

एकाच प्रकारची तक्रार दहा जणांची असेल तेव्हा प्रश्न ६ कडे या.

८. सिबिल रिपोर्टमध्ये फेडलेलं कर्ज थकीत दिसतंय. कुणाला धरायचं?

कर्ज देणाऱ्या बँकेला आणि कर्जमाहिती कंपनीला, दोघांनाही. लेखी तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्या तीस दिवसांतले २१ दिवस बँकेचे. बँकेने वेळेत माहिती दिली आणि कंपनीने उशीर केला तर भुर्दंड कंपनीवर, उलट असेल तर बँकेवर. जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे 'अजून अपडेट व्हायचंय' हे कारण दोन-तीन महिने पुरत नाही.

अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. एकीकडे दुरुस्त झालं म्हणून बाकी तिन्हीकडे झालं असं धरू नका, चारही रिपोर्ट काढून बघा. आणि मित्राला जामीन राहिला असाल तर त्याचं कर्जही तुमच्या रिपोर्टात दिसतं. निफाडकडे एकमेकांना जामीन राहण्याची पद्धत आहे, तिथे हे फार जणांना उशिरा कळतं.

९. कर्जाचे कागद इंग्रजीत दिले, मी सही केली. आता?

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या नव्या किरकोळ कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' देणं सक्तीचं आहे. शाखेत त्याला केएफएस म्हणतात. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाला प्रत्यक्षात किती टक्के पडतं तो आकडा असतो. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हे विवरण किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य राहतं, म्हणजे घरी नेऊन वाचायला वेळ मिळतो. क्रेडिट कार्डाला हा नियम नाही.

सिडकोतल्या एका ताईंनी गृहकर्जाचं विवरण आणलं होतं. पुढच्या पानावर व्याज ८.७५ टक्के, मागे तक्त्यात वार्षिक दर ९.४. त्यांना वाटलं फसवलं. फसवलं नव्हतं. प्रक्रिया शुल्क आणि विमा धरला की दर तेवढा होत होता. पण विमा घ्यायचा की नाही हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बोट ठेवून वाचल्यावर तो विमा त्यांनी काढायला लावला.

खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक हे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत ठेवण्याची सूचना फार जुनी आहे. मराठी अर्ज मागा. 'संपले आहेत' म्हणाले तर ते लेखी मागा.

१०. आधार दिलं नाही तर खातं बंद करू म्हणतात. चालतं का?

२०१७ मध्ये मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालचा एक नियम बदलून प्रत्येक बँक खात्याला आधार जोडणं सक्तीचं केलं गेलं होतं. त्या कायद्याखालचे नियमही संसदेच्या पटलावर ठेवायचे असतात. तरी तो नियम रद्द केला तो सर्वोच्च न्यायालयाने, २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात. पुढे २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने खातेदाराच्या मर्जीने आधार वापरता येईल असं ठरलं. त्यामुळे नुसत्या बचत खात्यासाठी दुसरं अधिकृत ओळखपत्र चालतं. गॅस किंवा शेतकरी सन्मान निधीसारखं अनुदान खात्यात हवं असेल तर मात्र आधार लागतं. एकाच खात्यावर दोन्ही गोष्टी असल्या की गोंधळ होतो.

११. केवायसी पुन्हा पुन्हा का मागतात?

जोखमीच्या गटानुसार दोन, आठ किंवा दहा वर्षांनी. सामान्य पगारदार, शेतकरी, निवृत्त यांचं बहुधा दहा. मुदतीआधी तीनदा कळवणं आणि त्यातलं एकदा पत्राने कळवणं बँकेवर बंधनकारक आहे.

१२. माझ्या खात्याची माहिती बँक कुणाकुणाला देऊ शकते?

राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात कलम १३ आणि स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यात कलम ४४ गुप्ततेची शपथ घालतात. हे खुद्द संसदेने लिहिलेलं आहे, परिपत्रक नाही. कर्जमाहिती कंपन्यांवर २००५ च्या कायद्याचं कलम २९ आहे. कायद्याने अधिकार दिलेल्यांना, म्हणजे तपास करणाऱ्या पोलिसांना रीतसर नोटीस असल्यास, आयकर खात्याला, न्यायालयाला, माहिती द्यावीच लागते. भाऊ, शेजारी, मालक, गावचा पुढारी यांना नाही. बायकोला नवऱ्याच्या आणि नवऱ्याला बायकोच्या एकट्याच्या खात्याचीही नाही. शाखेत ओळख आहे म्हणून शिल्लक सांगितली जाते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो नियमभंगच आहे.

१३. पतसंस्थेने ठेव अडकवली आहे. खासदार की आमदार?

आमदार. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न इतक्या वेळा येतो म्हणून सविस्तर लिहितो. पतसंस्था म्हणजे बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, तिच्यावर सहकार खात्याची, जिल्हा उपनिबंधकांची देखरेख. ठेवीवर पाच लाखांचं विमा संरक्षण नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपालही नाही. सहकारी संस्था हा विषय घटनेतल्या राज्यसूचीतला (नोंद ३२), म्हणजे त्यावर कायदा राज्याने करायचा, त्यामुळे इथे जाब विचारण्याची जागा म्हणजे विधिमंडळ: तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना. ठेवी बुडवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करणारा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदाही राज्याचाच.

अपवाद: संस्थेच्या नावात 'मल्टिस्टेट' असेल तर चित्र उलटं होतं. तिच्यावर २००२ चा केंद्रीय कायदा, दिल्लीतले केंद्रीय निबंधक, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहकार लोकपाल. मग प्रश्न खासदारामार्फत. ठेव पावतीवरचा नोंदणी क्रमांक नीट वाचा, त्यावरून कळतं.

१४. आणि सहकारी बँक?

ती बँकच. बँकिंग हा केंद्रसूचीतला, म्हणजे संसदेने कायदा करायचा विषय (नोंद ४५), आणि सहकारी बँकाही त्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेची पकड आणखी घट्ट झाली. संचालकांची निवडणूक, सभासदत्व हे सहकार खात्याकडे. ठेव, कर्ज, माहिती, गुप्तता हे रिझर्व्ह बँकेकडे. जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या ग्राहकांना लोकपालाचं दार १ नोव्हेंबर २०२५ पासून उघडलं आहे. शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण त्याआधी आम्हाला त्यांना परत पाठवावं लागत होतं.

१५. मुख्यमंत्री म्हणाले पीककर्जाला सिबिल मागू नका. तरी बँक मागते, मग त्यांचं चालतं की नाही?

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना तसं बजावलं, गुन्हे दाखल करण्याचा इशाराही दिला. त्या बैठकीला वजन आहे. पण बँकेचा नियम बदलण्याचा अधिकार राज्याकडे नाही, कारण प्रश्न १४ मध्ये सांगितलेली नोंद ४५. नियमात बदल हवा असेल तर दाद दिल्लीतच मागावी लागते. शाखेत अडवलं तर कारण लेखी घ्या आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे द्या.

१६. माहिती अधिकारात बँकेची तपासणी झाल्याचा अहवाल मिळतो का?

रिझर्व्ह बँकेकडे मागता येतो. डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बँकांचे अहवाल विश्वासातले म्हणून दडवता येणार नाहीत. मात्र खासगी बँकेकडे थेट अर्ज चालत नाही. सहकारी बँकेकडेही सहसा नाही, कारण शासनाचा मोठा पैसा नसेल तर सहकारी संस्था माहिती अधिकाराखाली येत नाही असा २०१३ चा निकाल आहे. दुसऱ्याच्या खात्याची माहिती कुठेच मिळत नाही.

१७. नव्या डेटा कायद्याने बँकेकडची माझी माहिती पुसून घेता येईल?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बँकांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतात. पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे, पण दुसऱ्या कायद्याने जी माहिती जपून ठेवायची आहे तिला तो लागत नाही. केवायसी आणि व्यवहाराच्या नोंदी अशाच. जाहिरातीचे फोन थांबवायला मात्र तो उपयोगी पडेल. या कायद्याखालचे नियमही पटलावर ठेवावे लागतात, म्हणजे प्रश्न २ मधली तीस दिवसांची वाट इथे उघडी आहे.

१८. संसदेच्या समितीने शिफारस केली की बँकांना ती पाळावी लागते?

नाही, शिफारस सल्ल्यासारखी असते. सरकारला साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं: मानली, नाही मानली, का नाही मानली. जुलै २०२३ मध्ये जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या अर्थविषयक स्थायी समितीने सायबर गुन्ह्यांवर अहवाल दिला. फसलेल्या ग्राहकाला बँकेने आपोआप भरपाई द्यावी, नंतर चौकशी करावी, अशी त्यातली शिफारस होती. ती जशीच्या तशी नियम झालेली नाही. पण तिचा संदर्भ देऊन खासदार आज विचारू शकतो की त्या शिफारशीचं काय झालं. कोऱ्या कागदापेक्षा अशा प्रश्नाला उत्तर देणं टाळणं अवघड जातं.

१९. आम्ही गावातून सह्या गोळा करून संसदेला अर्ज करू शकतो का?

हो, याचिका समितीकडे. विषय सार्वजनिक हिताचा हवा, न्यायालयात चालू असलेला नको. अर्ज मराठीत चालतो, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडावं लागतं. तो खासदारामार्फत सादर करा. एकट्याच्या कर्जाचं प्रकरण नको, त्यासाठी प्रश्न ७.

२०. वडील गेले. बँक म्हणते वारसदार नाही म्हणून काहीच सांगता येत नाही. नामनिर्देशन तर केलं होतं.

खातेदार हयात असताना नामनिर्देशित व्यक्तीला खात्याची माहिती मिळत नाही. गेल्यावर मिळते, आणि रक्कम तिलाच द्यायची असते, वारस दाखल्याची गरज न लावता. ती व्यक्ती मालक होत नाही. बाकी वारसांचा वाटा कायद्याने तसाच राहतो.

इथे संसद आणि रिझर्व्ह बँक शेजारी-शेजारी काम करताना दिसतात. खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्ती अधिनियमाने दिली. ती दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सगळे कागद दिल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा, उशीर झाला तर व्याज द्यायचं, हे मात्र रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशात आहे. म्हणजे चार नावांबद्दल काही खटकलं तर ते कायद्यात बदलावं लागेल, पंधरा दिवसांबद्दल खटकलं तर निर्देशात. खासदाराला लिहिताना हे वेगळं मांडा.

सिन्नरहून आलेल्या दोघा भावांच्या बाबतीत वडिलांनी अर्ज भरला होता, बँकेने तो संगणकात चढवलाच नव्हता. पोच पावती जुन्या बियाण्यांच्या पिशवीत सापडली, म्हणून काम झालं. तुमचं पासबुक आत्ता उघडा. पहिल्या पानावर 'नामनिर्देशन नोंदणीकृत' असा शिक्का किंवा छापील ओळ असायला हवी. नसेल तर सोमवारी शाखेत जा आणि नवा अर्ज भरून पोच घेऊनच बाहेर पडा.